अक्षता पडेपर्यंत

सकाळी फोन वाजला की त्रिवेणी उठत असे. फोन कुणी केलेला नसे. तिच्या थोरल्या दिरानं, शिवकुमारनं, घरातल्या सगळ्यांच्या फोनवर कामांचं एक ॲप टाकून दिलं होतं, ते वाजत असे. दूध तापवणे. अंगण झाडणे. अप्पांचं गरम पाणी. एक काम झालं की त्याच्यापुढं बोट टेकवायचं, मग पुढचं काम वर सरकायचं. घरातल्या प्रत्येकाला एक रंग होता. शिवकुमारचा निळा, त्याची बायको राजेश्रीचा हिरवा, धाकटी बहीण पिंकीचा गुलाबी, आई गंगम्माचा केशरी. त्रिवेणीचा राखाडी. तो तिनं निवडला नव्हता.

शिवकुमारचं जिंतूरला बसस्थानकाच्या मागं बी-बियाण्यांचं दुकान होतं. दुकान चांगलं चालायचं, पण त्याचं नाव झालं होतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. वेळेचं नियोजन कसं करावं यावर तो भाषणं द्यायचा. आधी तालुक्यातल्या शाळा-कॉलेजांत, मग मोबाईलवरच्या छोट्या छोट्या व्हिडिओंतून. कपाळावर लिंगायत पद्धतीचे भस्माचे तीन पट्टे, अंगात इस्त्रीचा सदरा, हातात फोन. "आपल्या बसवण्णांनी, शरणांनी कायक सांगितलं," तो म्हणायचा, "कायक म्हणजे काम. जो आपलं काम वेळेत बसवतो, त्याला देव शोधायला जावं लागत नाही." पोरं टाळ्या वाजवायची. वाईट माणूस नव्हता तो. कुणाला शिवी देत नसे, कुणावर हात उचलत नसे. त्याला फक्त प्रत्येक गोष्ट जागच्या जागी लागायची, आणि माणसंही.

घरातल्या माणसाला काम सांगायचं तर त्याच्या तोंडाकडं बघावं लागतं. ते दमलंय का, रात्री रडून डोळे सुजलेत का, हे दिसतं. मग कधी कधी सांगणारा निम्म्यातच थांबतो. फोनवर काम लावताना असं काही बघावं लागत नाही.

त्रिवेणी झरी गावची. वडील तात्याराव यांची थोडी जमीन, चार मुली. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती तेव्हा शिवकुमारच्या वडिलांच्या, गुरुसिद्धप्पांच्या धाकट्या मुलाशी, नागनाथशी तिचं लग्न झालं; शेवटची परीक्षा तिनं सासरहून दिली. नागनाथ हसरा होता. स्वयंपाकघरात येऊन तिच्या हातचं भाजलेलं शेंगदाण्याचं कूट मुठीनं खायचा आणि आईनं पाहिलं की तिच्यावर ढकलायचा. लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत देवगाव फाट्याजवळ एका ट्रकनं त्याची मोटारसायकल उडवली. मूलबाळ झालं नव्हतं. तात्याराव दहाव्याला आले, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "माय, दिल्या घरीच ऱ्हा. तुझ्या बहिणी अजून उजवायच्यात." त्यानंतर ते फारसे आले नाहीत.

घराच्या मागं, अंगणाच्या टोकाला, एक पत्र्याची खोली होती. दुकानातली खताची रिकामी पोती, जुना पाळणा, मोडकी खाट असं सगळं तिथं पडलेलं असे. नागनाथ गेल्यावर त्या श्रावणात पहिल्या सोमवारी बायका पूजेला जमल्या, तेव्हा गंगम्मा स्वयंपाकघरात आली. त्रिवेणी पुरण वाटत होती.

"तुझं वाईट चिंतीत न्हाई गं माय मी," गंगम्मा म्हणाली. तिला त्रिवेणीकडं बघवत नव्हतं, ती पुरणाकडं बघून बोलत होती. "पण शुभाच्या टायमाला जरा आड राहावं. बायका जाऊस्तवर मागं बस."

तिनं त्रिवेणीच्या हातावर एक लाडू ठेवला. त्रिवेणी लाडू घेऊन मागच्या खोलीत जाऊन बसली.

संध्याकाळी गुरुसिद्धप्पांनी बायकोला विचारलं, "आपल्या धर्मात इटाळ न्हाई, गंगा. समोर बसवण्णांची तसबीर लावलीय. ह्ये खूळ कुठून आणलंस?"

"लोकात ऱ्हायचंय आपल्याला," गंगम्मा म्हणाली.

गुरुसिद्धप्पांनी वर्तमानपत्र उघडलं. त्यांचं बरोबर होतं, आणि ते बरोबर त्यांनी वर्तमानपत्राच्या मागं ठेवून दिलं. असे किती तरी सज्जन पुरुष आपल्या घराघरांत आहेत. ते अन्याय करत नाहीत, फक्त पान उलटतात.

राजेश्रीला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी घुगऱ्या, पुरणपोळ्या, आमटी, सगळं त्रिवेणीनं पहाटेपासून केलं. बायका यायला लागल्या तसा तिचा फोन वाजला. राखाडी चौकोनात लिहिलं होतं: मागची खोली. बारसं संपेपर्यंत. त्या दिवसापासून गंगम्माला स्वयंपाकघरात येऊन पुरणाकडं बघत बोलायची गरज राहिली नाही. लाडूही बंद झाला.

त्रिवेणी जायची, बसायची, पुढच्या दारचे आवाज ऐकायची. एकदा तिनं शिवकुमारला विचारलं होतं, "दादा, मी बी.एड.ला नाव घालू का?"

"घाल की," तो म्हणाला, "पण तुझ्या दिवसात जागा कुठंय? दाखव मला." आणि त्यानं तिचा दिवस तिच्याच फोनवर उघडून तिच्यापुढं धरला. खरंच कुठं जागा नव्हती.

थंडीत एका पहाटे गुरुसिद्धप्पा गेले. छातीत कळ आली आणि परभणीला न्यायच्या आतच सगळं संपलं. गंगम्माच्या बांगड्या फोडल्या त्या तिनं ज्यांना आयुष्यभर हळदी-कुंकवाला बोलावलं होतं त्याच बायकांनी. एकीनं तिच्या मनगटावर जरा जास्तच जोरात मारलं. काच रुतली, रक्त आलं. त्रिवेणीनं हळद आणून लावली.

सुतकाचे दिवस गेले. संक्रांत आली. शेजारची बाई पिंकीला आणि राजेश्रीला वाणाला बोलावून गेली. गंगम्मा दारातच उभी होती. शेजारणीनं तिच्याकडं बघून नुसतं हसल्यासारखं केलं.

मग पिंकीचं लग्न ठरलं. मुलगा सेलूचा, योगीराज नावाचा, शाळेत मास्तर. शांत, पापभीरू. "अप्पा गेले, वर्षाच्या आत उरकून टाकू," शिवकुमार म्हणाला. वैशाखातला दुपारचा मुहूर्त निघाला. मांडव घरापुढं, गल्लीतच घालायचा ठरला. शिवकुमारनं आचारी, वाजंत्री, पाहुण्यांच्या गाड्या, कुणी कुठं उभं राहायचं, कुणी कुणाला पाणी द्यायचं, सगळं फोनवर मांडलं आणि एका संध्याकाळी घरातल्या प्रत्येकाला पाठवलं.

गंगम्माला वाचता येत नव्हतं. ती भाजी निवडणाऱ्या त्रिवेणीजवळ येऊन बसली. चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी थोडं तेज होतं.

"वाच गं, माझ्या फोनात काय आलंय? पोरीच्या मामाला टिळा मीच लावायचा ना? का सासूबाईला साडी बी मीच द्यायची?"

त्रिवेणीनं फोन घेतला. गंगम्माच्या नावापुढचा केशरी रंग गेला होता. तिथं राखाडी आला होता.

खरं सांगायचं तर त्रिवेणीला त्या क्षणी आनंद झाला. किती वर्षांचा साठलेला, कडवट, अंगावर काटा आणणारा आनंद. तिनं आवाज अजिबात न चढवता वाचलं:

"गंगम्मा. मागची खोली. अक्षतांपासून पंगती उठेपर्यंत."

गंगम्मा हसली. "माझं न्हाई ते. तुझं माझ्यात आलं आसंल."

"माझंबी तेच हाय, आत्याबाई. तुमचंबी तेच हाय."

म्हातारीच्या ओठांची थरथर बघितली आणि त्रिवेणीचा आनंद तिथल्या तिथं विटला. तिनं फोन खाली ठेवला आणि मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. पण बोललेलं बोलून झालं होतं.

गंगम्मा उठून शिवकुमारकडं गेली. तो दुकानातून आलेला, हात-पाय धुऊन लिंगपूजेला बसायच्या तयारीत होता.

"शिवा, लेकीच्या लग्नात मी मागं बसू?"

"आई, लोक काय म्हणतील त्याचा इचार कर. योगीराजची आई जुन्या वळणाची हाय. पिंकीच्या संसाराला नाट लागू नाही एवढंच."

"मी तिची आई हाय रे."

"रीत तू लावली घरात," शिवकुमार शांतपणे म्हणाला. "मी फक्त येळ लावलीय."

गंगम्मा आली तशी मागं फिरली. तिच्याच हातचं पेरलेलं होतं.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की सकाळीच अंगणातली फरशी पायाला चटका द्यायला लागली. परभणी जिल्ह्यात वैशाख काय असतो ते तिथल्या माणसाला सांगायला नको. पाहुण्यांच्या खोलीत वारा कमी पडू नये म्हणून मागच्या खोलीचा पंखासुद्धा काढून पुढं नेला होता. शिवकुमारनं घरच्यांना बजावलं, "फोन सगळ्यांनी बंद आवाजावर टाका. विधी चालू असताना कुणी कुणाला फोन करायचा न्हाई. काही लागलं तर ॲपवर टाका, मी बघतो."

गंगम्मा सकाळी लवकर न्हाली, भस्म लावलं, नवी पांढरी साडी नेसली. पिंकीला हळद लागत होती तेव्हा ती दाराच्या फटीतून बघत उभी राहिली. कुणाची तरी चाहूल लागली तशी मागं सरकली. मग कुणी सांगायच्या आतच, ठरलेल्या वेळेच्या किती तरी आधी, अंगण ओलांडून मागच्या खोलीत जाऊन बसली.

त्रिवेणी स्वयंपाकाचं आटपून मागं आली तेव्हा म्हातारी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. खिडकी लावून घेतलेली. वरचे पत्रे तडतड वाजत होते.

"खिडकी उघडते," त्रिवेणी म्हणाली.

"नगं. बायका न्हाणीकडं जायल्यात. कुणाच्या नजरंला पडंन मी."

"मग पाणी तरी प्या." त्रिवेणीनं तांब्या पुढं केला.

गंगम्मानं मान हलवली. "पाणी पिलं की न्हाणीकडं जावं लागंन. भरल्या बायकांतून जावं लागंन. सांजच्याला पीन."

या खोलीत बसून त्रिवेणीनंही हेच केलं होतं, दर वेळी. हे कुणी शिकवलं नव्हतं. खोलीच शिकवते.

"तू कशी बसायचीस गं इथं?" गंगम्मानं विचारलं.

"तुमी बसा म्हणलात. मी बसले."

"शाप दिला आसशील मला."

दिला होता. त्रिवेणीनं पदरानं म्हातारीला वारा घालायला सुरुवात केली.

पुढं सनई वाजत होती. नवरदेवाची मिरवणूक आली, फटाके फुटले. गंगम्मा सगळ्याचा आवाजावरून अंदाज घेत होती. "आता पाय धुवायले आसतील. राजेश्रीनं साडी दिली आसंल का? जरीची देऊ नको म्हणलं होतं मी, ऊन लय हाय." मग तिची बडबड थांबली. त्रिवेणीनं बघितलं तर म्हातारीच्या कपाळावर घाम नव्हता. एवढ्या उकाड्यात अंग कोरडं, आणि तापलेल्या तव्यासारखं.

"आत्याबाई?"

"नागनाथ आला का गं?" गंगम्मा म्हणाली. "त्याला जेवायला वाढ."

मग तिची मान एका बाजूला कलली.

त्रिवेणीनं तांब्यातलं पाणी तिच्या तोंडावर मारलं. पदर भिजवून कपाळावर, मानेवर ठेवला. पाणी पाजू पाहिलं तर ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं. तिनं राजेश्रीला फोन केला, शिवकुमारला केला, पुन्हा राजेश्रीला. सगळे फोन बंद आवाजावर. मग तिनं ॲप उघडून लिहिलं: आत्याबाई बेशुद्ध आहेत. लगेच दवाखाना.

मांडवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या शिवकुमारनं ते वाचलं. त्याचा चेहरा क्षणभर बदलला. ब्राह्मणाच्या जागी त्यांच्यात जंगम स्वामी असतात, ते मंत्र म्हणत होते. आंतरपाट धरला होता. पाहुण्यांच्या मुठीत अक्षता होत्या. सकाळपासून उपाशी बसलीय, चक्कर आली असेल, त्यानं मनाशी म्हटलं. मग त्यानं अंगठ्यानं त्या ओळीला धरलं आणि खाली ओढलं.

मागच्या खोलीत त्रिवेणीच्या फोनवर तिची ओळ सरकली. अक्षता, वधूवरांना आहेर, या दोन्हीच्या खाली जाऊन थांबली.

ती तशीच उठली. अंगणात भांडी घासायला आलेली धुरपताबाई होती. तिला "आत्याबाईपशी बसा, वारा घाला" म्हणून त्रिवेणीनं शेजारच्या चंद्रभानला फोन लावला. त्याची जीप होती.

"गल्लीत मांडव हाय, वहिनी," चंद्रभान म्हणाला. "जीप आत यायची न्हाई. खाटेवर घालून मांडवातून कडंला आणा, मी तोंडाशी उभा ऱ्हातो."

अंगणाला मागं दार नव्हतं. बाहेर जायचं तर घरातून आणि मांडवातूनच. त्रिवेणी ओल्या पदरानं, विस्कटलेल्या केसांनी घर ओलांडून पुढच्या दाराशी आली. शिवकुमारनं तिला पाहिलं आणि चार ढांगांत येऊन उंबऱ्यावरच अडवलं.

"कुठं निघालीस?"

"दादा, आत्याबाईचं काही खरं न्हाई. चार माणसं द्या. खाट उचलायचीय."

"आता?" त्याचा आवाज अगदी खाली होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की तो तिला ताट कुठं ठेवायचं ते सांगतोय. "नवरदेवाच्या समोरून खाट न्यायची? तू अशा अवतारात मांडवात यायची? थोडं थांब. अक्षता पडू दे."

"तेवढा येळ न्हाई, दादा."

"अक्षता पडेपर्यंत थांब म्हणलं ना!"

त्याच्या मागं राजेश्री उभी होती. त्रिवेणीनं तिच्याकडं बघितलं. "अक्का, तुमी तरी सांगा."

राजेश्रीनं योगीराजच्या आईकडं पाहिलं. ती बाई मान वळवून दाराकडंच बघत होती. राजेश्रीनं दाराचा पडदा ओढून घेतला.

मांडवात मंगलाष्टकं सुरू झाली. त्रिवेणी पडद्याआड उभी होती. तिला धक्का मारून जाता आलं असतं. हे तिनं पुढं किती तरी वेळा स्वतःला ऐकवलं. पण वर्षानुवर्षं ज्या बाईला आड व्हायला शिकवलंय, तिचे पाय एका दिवसात मोकळे होत नाहीत. ती मागं धावली, म्हातारीच्या तळपायांना पाणी चोळू लागली. बाहेर "सावधान"चा गजर झाला, ताशा वाजला, अक्षता पडल्या. धुरपताबाई हात थांबवून म्हणाली, "बाई, श्वास लागंना झालाय."

पाहुण्यांत तालुक्याचे एक डॉक्टर होते. शिवकुमार त्यांना घेऊन मागं आला. डॉक्टरांनी डोळ्याची पापणी वर करून पाहिली, नाडी धरली आणि सोडली. "उष्माघात," ते म्हणाले. "जरा आधी आणलं असतं तर..."

शिवकुमार खाली बसला. आईच्या पायांवर डोकं ठेवून तो रडला. ते रडणं खोटं नव्हतं. पण ते फार टिकलं नाही. तो उठला, तोंड पुसलं आणि डॉक्टरांना हात जोडले.

"साहेब, वरात निघंस्तवर कुणाला बोलू नका. पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय. अक्षता पडल्या पडल्या आई गेली म्हणलं तर तिला पांढऱ्या पायाची म्हणतील. तिकडं नांदू देणार न्हाईत."

डॉक्टरांनी न्हाणीत जाऊन हात धुतले आणि ते पंगतीला गेले.

"त्रिवेणी," शिवकुमार म्हणाला, "तू इथं बस. रडू नको. आवाज बाहेर जाईल." त्यानं राजेश्रीला दाराशी उभं केलं, धुरपताबाईला भांड्यांकडं पाठवलं. मग फोन काढला. अंत्यविधीची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची लावली.

त्रिवेणी प्रेतापाशी बसली. बाहेर पंगती बसल्या. जिलबीचा वास पत्र्याच्या फटीतून आत येत होता. "वाढा, इकडं मठ्ठा वाढा," कुणीतरी ओरडत होतं. गंगम्माचे डोळे नीट मिटले नव्हते. त्रिवेणीनं ते मिटले. माश्या येत होत्या, त्या हाकलल्या. तिला हुंदका आला की दाराशी उभी असलेली राजेश्री स्वतःच्या तोंडात पदर कोंबून तिच्याकडं बघत नको नको अशी मान हलवायची. ज्या सासूवर त्रिवेणी नीट रागावू शकली नव्हती, तिच्यासाठी आता रडायलाही तिला परवानगी नव्हती.

ऊन कललं. पाठवणीची वेळ झाली. पिंकीचा आवाज अंगणात आला.

"दादा, आईच्या पाया पडते आन् निघते. आई कुठंय?"

"झोपलीय. साखर वाढली होती, डॉक्टरांनी गोळी दिलीय."

"मग नुसती बघून येते."

"नव्या नवरीनं त्या खोलीत जाऊ नाही, पिंकी. शहाणी ना तू? पाचपरतावनाला माहेरी येशील तेव्हा भेट."

पिंकी शहाणी होती. लहानपणापासून तिला तेच सांगितलं होतं. पैंजणांचा आवाज वळला, मांडवाच्या दिशेनं जाऊ लागला.

त्रिवेणी उठली. राजेश्रीनं दोन्ही हात आडवे धरले.

"नको गं. पोरीचं वाटोळं व्हईल."

"सरका, अक्का."

"त्रिवेणी, हात जोडते."

"आत्याबाईनंबी असंच भिऊन पाणी पिलं न्हाई," त्रिवेणी म्हणाली आणि तिला बाजूला सारून बाहेर पडली.

नागनाथ गेल्यापासून जिनं एकाही शुभकार्यात पाऊल टाकलं नव्हतं, ती भर मांडवात येऊन उभी राहिली. बायकांत कुजबुज झाली. योगीराजच्या आईनं सुनेच्या डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"पिंकी," त्रिवेणी म्हणाली. आवाज फुटत होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "आई झोपली न्हाई. आई गेली. अक्षता पडायच्या टायमाला गेली. पत्र्याखाली, खिडकी लावून, तहानलेली गेली. मी माणसं मागायला आले होते. मला थांब म्हणले."

सनईवाल्यानं सनई खाली घेतली. शिवकुमार पुढं आला. "तिचं डोकं ठिकाणावर न्हाई," तो पाहुण्यांना म्हणाला, "नवरा गेल्यापासून..."

"तिचं डोकं ठिकाणावर हाय," गर्दीतून चंद्रभान म्हणाला. "मी जीप लावून उभा होतो."

आणि मग त्रिवेणीनं हंबरडा फोडला. दुपारभर दाबलेला, किंवा त्याहून किती तरी जुना. तो ऐकून गल्लीतली कुत्री उठली.

पिंकी पळाली. मुंडावळ्या, हिरवा चुडा, सगळ्यासकट ती त्या पत्र्याच्या खोलीत शिरली आणि आईच्या अंगावर पडली. योगीराजची आई गाडीपाशी जाऊन उभी राहिली. "चला," ती मुलाला म्हणाली, "अपशकुनाचं घर हाय ह्ये. पुढचं पुढं बघू." योगीराज मास्तर होता, वर्गात मुलांना समतेचा धडा शिकवत होता. त्यानं एकदा घराकडं बघितलं, एकदा आईकडं, आणि गाडीत बसला. वरात नवरीवाचून सेलूला गेली.

दुसऱ्या दिवशी गंगम्माला त्यांच्या रीतीप्रमाणं बसवून समाधी दिली. बायकांनी तिथवर जायची पद्धत नव्हती. त्रिवेणी आणि पिंकी गेल्या. कुणी अडवलं नाही. त्या दिवशी त्या दोघींना अडवायचं धाडस कुणात नव्हतं. जंगम स्वामींनी भस्म पुढं केलं तेव्हा त्रिवेणीनं विचारलं, "स्वामी, आपल्यात विधवेचा इटाळ हाय का?"

"नाही, बाई," म्हातारे स्वामी म्हणाले. "कधीच नव्हता."

"मग काल मांडवात तुमच्या समोर दोन जागा रिकाम्या होत्या. तुमी काहून विचारलं न्हाई?"

स्वामींनी भस्म तिच्या हातात दिलं आणि ते समाधीकडं वळले.

त्या आठवड्यात बायका बसायला यायच्या. त्रिवेणी पुढच्या बैठकीत, दारासमोर बसायची. पिंकी तिच्या शेजारी. सेलूहून अजून काही निरोप नव्हता. पिंकीनं तो आला का हे विचारायचंही सोडलं होतं. शिवकुमार दुकानातच असायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचा, "मागं बसायची आईचीच इच्छा होती." आणि ते खोटंही नव्हतं, हेच त्यातलं भयंकर होतं.

एका दुपारी संक्रांतीला वाणाचं बोलावणं देऊन गेलेली ती शेजारीण आली. तिनं डोळ्यांना पदर लावला, गंगम्माच्या चांगुलपणाच्या दोन गोष्टी सांगितल्या, आणि येणारी प्रत्येक बाई विचारायची तेच विचारलं.

"एकाएकी कशानं गेल्या गं? उन्हानं का?"

"ऊन तर साऱ्यांनाच होतं, काकू," त्रिवेणी म्हणाली.

शेजारणीनं डोळ्यांना लावलेला पदर खाली घेतला.

"तुमची थोरली सून," त्रिवेणी म्हणाली, "दोन वर्षं झाली नवरा गेल्याला, तवापासून दिसली न्हाई. तिला कुठं बसवताव?"

बाई पदर सावरून उठली आणि निघाली. तिच्या पाठोपाठ त्रिवेणीही उठली, पायात चपला घातल्या आणि तिच्या घराकडं चालू लागली.